ऐंशीला अडलेली पिकअप

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ कुठल्याही गॅरेजबाहेर अर्धा तास उभं राहा. बोनेट उघडलेल्या दोन-तीन पिकअप, हौद्यात ओली ताडपत्री, आणि चहाच्या कपासोबत एक तक्रार हमखास कानावर येते: "दादा, गाडी ऐंशीच्या पुढं जातच नाही." मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं असतं. "गव्हर्नर काढून टाकू. तासाभरात मोकळी करून देतो."

पनवेलमध्ये ही तक्रार जास्त ऐकू यावी यात नवल नाही. एकीकडे न्हावाशेव्याचं बंदर, दुसरीकडे तळोज्याची एमआयडीसी, दाराशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, पळस्प्याला फुटणारा गोव्याचा रस्ता आणि तासाभराच्या आत वाशीची बाजार समिती. एमएच ४६ पाटीच्या कितीतरी पिकअपांचा बँकेचा हप्ता दिवसाच्या फेऱ्यांतून सुटतो. त्यामुळे गाडी जरा पळावी असं वाटणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. मात्र त्या इच्छेवर गॅरेजच्या कट्ट्यावर जे उपाय सांगितले जातात, त्यांतले बरेचसे ऐकीव आहेत आणि काही तर जिवावर बेतणारे.

"गव्हर्नर काढला की गाडी मोकळी"

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११८ वा नियम २०१५ साली बदलला. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या व्यावसायिक वाहनांना, काही अपवाद सोडून, वेगनियंत्रक, म्हणजेच गव्हर्नर, कारखान्यातूनच बसवून येतो आणि त्याची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर असते. डंपर, टँकर, शाळेच्या बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ती ६० आहे. अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलीस यांना सूट आहे. भाजीच्या पिकअपला नाही.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं सहसा नसतं. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं रस्त्यांच्या प्रकारानुसार कमाल वेग ठरवले. द्रुतगती मार्गावर मोटारींना १२०, पण मालवाहू गाड्यांना ८०. चौपदरी, दुभाजक असलेल्या महामार्गावर मोटारींना १००, मालवाहू गाड्यांना पुन्हा ८०च. शहरातल्या आणि बाकीच्या रस्त्यांवर मालवाहू गाड्यांना ६०. राज्य सरकार यापेक्षा कमी मर्यादा घालू शकतं, जास्त नाही. आपल्या द्रुतगती मार्गावर मोटारींनाही १२० नाही, १०० आहे. घाटात तर सगळ्यांसाठीच मर्यादा बरीच खाली येते.

आता पनवेलहून निघणारे रस्ते डोळ्यांसमोर आणा. पुण्याचा, गोव्याचा, बंदराचा, शिळफाट्याचा, सायन-पनवेल. यांतल्या एकाही रस्त्यावर मालाच्या पिकअपला ८०च्या पुढं जायची परवानगी नाही. म्हणजे पैसे मोजून जो वेग मिळवायचा, तो वापरायला कायदेशीर रस्ताच उपलब्ध नाही. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणाही बसली आहे, त्यामुळे 'कोण बघतंय' या प्रश्नाचं उत्तर आता खांबावर लटकलेलं असतं.

छेडछाडीचा हिशेब वेगळाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या १८२अ कलमात, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंड कट्ट्यावर भरीस घालणाऱ्या मिस्त्रीच्या नावानं निघत नाही, आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याच्या नावानं निघतो. पुढं फिटनेसला गाडी नेली की गव्हर्नरचं सील पाहिलं जातं. आणि अपघात झालाच, तर विमा कंपनीच्या सर्वेअरला तुटलेलं सील हे आयतं कारण मिळतं.

अलीकडच्या गाड्यांत गव्हर्नरचा वेगळा डबाही नसतो. इंजिनाचा संगणक, गॅरेजात ज्याला ईसीएम म्हणतात, तोच ८०ला डिझेल आवरतो. तिथं 'वायर कापून' काम होत नाही, सॉफ्टवेअर बदलावं लागतं. आणि ते बदलणारा माणूस वेगाच्या आकड्यासोबत आणखी काय-काय हलवून ठेवतो, हे गाडीमालकाला कधीच कळत नाही.

"इंजिनात दम आहे, थोडं डिझेल वाढवलं की शंभर सहज"

हा समज हवेला विसरतो. गाडी जितक्या वेगानं जाईल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात हवा तिला मागं ढकलते. ८०वरून १०० म्हणजे वेग सव्वापट, पण हवेचा रेटा १.५६ पट. त्या रेट्याशी झुंजायला लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मोटार निदान हवा कापायला घडवलेली असते. पिकअप म्हणजे पुढं केबिनची भिंत, मागं हौदा आणि त्यावर डोक्यापेक्षा उंच रचलेले क्रेट. ताडपत्री सैल असली तर ती शिडासारखी फुगते, पण उलट्या दिशेनं.

आपल्याकडच्या लोकप्रिय पिकअपांची इंजिनं साधारण ७० ते १०० अश्वशक्तीची. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं इंजिन सुमारे ७५ अश्वशक्तीचं, आणि त्याची ताकद मुद्दाम खालच्या फेऱ्यांवर ठेवलेली, कारण गाडी भरून चढावर निघता यायला हवी. गिअरही त्याच हिशेबानं कापलेले. ज्या रचनेमुळे तुम्ही दीड टन माल घेऊन कर्नाळ्याची खिंड चढता, तीच रचना वरच्या वेगाला आडवी येते. दोन्ही एकदम मागणं म्हणजे बैलाकडून नांगरटही हवी आणि शंकरपटही.

शक्ती वाढवून वेग किती वाढतो, याचं जगातलं एक उदाहरण सांगतो. २००४ साली अमेरिकेत डॉज रॅम एसआरटी-१० या पिकअपनं उत्पादनात असलेल्या पिकअपचा वेगाचा विक्रम केला: ताशी सुमारे २४९ किलोमीटर. त्यासाठी तिच्यात ८.३ लिटरचं, दहा सिलिंडरचं, ५०० अश्वशक्तीचं इंजिन होतं, चालक व्यावसायिक शर्यतपटू होता आणि जागा होती मिशिगनमधला बंदिस्त चाचणीमार्ग. ७५च्या जवळजवळ सातपट शक्ती. सातचं घनमूळ दोनाहूनही कमी येतं, म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं तरी सातपट शक्तीनं वेग दुप्पटही होत नाही. आपला मिस्त्री 'पंप वाढवून' दहा-पंधरा अश्वशक्ती देईल. तेवढ्यानं जे चार-पाच किलोमीटर मिळतील, त्यांची किंमत इंजिन चुकवतं. जादा डिझेल नीट जळत नाही, धूर काळा होतो, बाहेर जाणारे वायू अधिक तापतात आणि तो ताप टर्बो आणि पिस्टन सोसतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत धुराची गाळणी आणि सेन्सरही असतात. ती गाळणी काजळीनं तुंबली की मिस्त्रीच सांगतो, "तीपण काढून टाकू." एक काढलं की दुसरं काढावं लागतं, हे या धंद्याचं गणित.

"शंभरनं गेलं की वेळ वाचतो"

कळंबोली ते किवळे हा द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. त्यातला घाट, टोल आणि गर्दीचे पट्टे वगळून समजा ६० किलोमीटर सलग मोकळे मिळाले. ८०नं त्यांना ४५ मिनिटं लागतात, १००नं ३६. नऊ मिनिटं वाचली, तीही एकदाही ब्रेक न लावता. खालापूरच्या टोलवर किंवा घाटाच्या तोंडाशी रांग असली की ती तिथंच परत जातात. वर दर किलोमीटरला हवेशी झुंजण्यात दीडपटीहून अधिक ताकद खर्च झालेली असते. ती डिझेलमधूनच येते.

आंब्याच्या दिवसांत हा हिशेब अधिक बोचतो. मार्च ते मे रत्नागिरी, देवगडकडून पेट्या भरून पिकअप रात्री निघतात आणि पहाटेच्या बाजाराला वाशी गाठायची असते. उशीर झाला तर भाव पडतो, हे खरं दुखणं आहे आणि ते मला हसण्यावारी न्यायचं नाही. पण त्या रस्त्यावर वेळ कुठं जातो ते चालकांनाच विचारा. माणगावच्या बाजारात, पेणच्या आसपास, रखडलेल्या कामांच्या वळणांवर. तिथं १००ची पिकअप आणि ८०ची पिकअप एकमेकींच्या मागं उभ्या असतात. तासभर लवकर पेट्या चढवल्या तर जे साधतं, ते कुठलीही चिप साधून देत नाही.

"ब्रेक टाइट केलेत, वीसनं असा काय फरक पडतो?"

सगळ्यांत महाग गैरसमज हाच, म्हणून इथं जरा थांबतो.

रस्ता कोरडा आहे, टायर बरे आहेत, चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागतो असं धरू. ८०नं चाललेली गाडी त्या दीड सेकंदात ३३ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ४२ मीटरवर थांबते. एकूण ७५ मीटर. १००च्या गाडीला तेच करायला १०७ मीटर लागतात. हे तरी डोळ्यांना झेपतं. खरी गोष्ट पुढं आहे. समजा ७५ मीटरवर बंद पडलेला ट्रेलर उभा आहे. ८०ची पिकअप त्याला टेकण्याआधी थांबली. १००ची पिकअप त्याच जागी किती वेगानं पोचते? वीसनं, असं बहुतेक जण सांगतात. शंभर वजा ऐंशी. उत्तर आहे सुमारे ७०. कारण दीड सेकंदातच ती ४२ मीटर पुढं गेलेली असते आणि ब्रेकला उरतात जेमतेम ३३ मीटर. हे कोरड्या रस्त्याचं. जुलैतल्या पनवेलच्या पावसात दोन्ही आकडे आणखी वाढतात.

आणि ही झाली टायरच्या पकडीची गोष्ट. ब्रेकचा ताप वेगळा. माल धरून तीन टनांची पिकअप ८०वरून शून्यावर आणताना ब्रेकमध्ये जितकी उष्णता तयार होते, तितक्यात ३० अंशांचं अडीच लिटर पाणी उकळीला येईल. १००वरून आणताना चार लिटर. एकदा थांबण्यात एवढी. ब्रेकची तबकडी, ड्रम आणि लायनर कंपनीनं गाडीच्या वजनाचा आणि वेगाचा हिशेब करून दिलेले असतात. इंजिन वाढवणारा मिस्त्री ब्रेक वाढवत नाही. मी तरी तसा अजून पाहिलेला नाही.

"जादा पाटे आणि मोठे टायर घातले की गाडी रस्त्याला धरून राहते"

मागच्या कमानीला एक-दोन पाटे जास्त घालण्याची पद्धत जुनी आहे. त्यानं हौदा बसत नाही, हे खरं. पण बऱ्याच पिकअपांच्या मागच्या धुऱ्याजवळ एक छोटी दांडी आणि झडप असते. हौदा किती खाली आला यावरून ती माल किती आहे ते ओळखते आणि मागच्या चाकांना तितका ब्रेक देते. पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा उंचच राहते. झडपेला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक ती कमीच सोडते. म्हणजे माल सर्वांत जास्त असताना ब्रेक सर्वांत कमी. हे न सांगता पाटे घालणारे पुष्कळ आहेत. उलट, रिकामी पिकअप मागून इतकी हलकी आणि ताठ असते की खड्ड्यावर तिचा मागचा भाग उडून बाजूला सरकतो. रिकाम्या परतीच्या फेरीतच पाय जास्त दाबला जातो, हेही लक्षात ठेवा.

टायरचं थोडक्यात. बाजूवर कोरलेल्या शेवटच्या अक्षरात वेगाची मर्यादा असते (एल म्हणजे १२०, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०) आणि त्याआधीच्या आकड्यात वजनाची. ही मर्यादा नव्या, पूर्ण हवा असलेल्या टायरची. रिमोल्ड टायरवर तिचा भरवसा धरू नये. घेरानं मोठा टायर घातला तर वेगाचा काटा कमी दाखवू लागतो: घेर ३ टक्के वाढला तर काट्यावर ८० असताना गाडी ८२च्या पुढं असते, आणि ब्रेकला तेच चाक थांबवायला जास्त जोर लागतो.

"घाट न्यूट्रलला उतरवला की गाडी पळते आणि डिझेल वाचतं"

पळते, यात शंका नाही. डिझेल मात्र वाचत नाही. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक डिझेल पूर्ण तोडतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल जळतंच. जुन्या पंपाच्या गाड्यांच्या काळातला हा समज अजून घाट उतरतोय.

बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीच्या बाजूला उतरताना उंची साधारण ५०० मीटरनं कमी होते. तीन टनांच्या गाडीची तेवढी ऊर्जा कुठंतरी जायलाच हवी. मघाच्या पाण्याच्या मापात ती ५० लिटर उकळवेल इतकी आहे. खालच्या गिअरमध्ये असाल तर तिचा मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये सगळी ब्रेकवर येते, लायनर तापून गुळगुळीत होतात आणि पायाखालचं पेडल मऊ पडतं. जळका वास आला की चालकाला कळतं, पण तेव्हा पुढं बहुधा वळण असतं.

मग वेग वाढवायचाच नाही का?

वाढवायचा. पण आधी एक फरक ओळखा. गाडी ८०ला *अडते* की ८०पर्यंत *पोचतच नाही*? पहिली गाडी सपाट रस्त्यावर झपाट्यानं ८० गाठते आणि तिथं शांतपणे थबकते. ती ठणठणीत आहे, तिच्या गव्हर्नरला हात लावू नका. दुसरी ६५-७०लाच धापा टाकते, किंवा किंचित चढ आला की खालच्या गिअरवर येते. गॅरेजबाहेरच्या तक्रारी जरा खोलात विचारल्या की निम्म्याहून अधिक या दुसऱ्या जातीच्या निघतात, असा माझा अनुभव आहे. तिथं गव्हर्नर निर्दोष असतो आणि शिक्षा त्यालाच होते.

अशा गाडीचा हरवलेला वेग परत मिळवता येतो, तोही कायद्यात राहून आणि मामुली खर्चात. काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर काढून उन्हात धरा. लोखंड बाजारातली आणि खडीच्या रस्त्यांवरची धूळ तो कंपनीच्या वेळापत्रकाआधीच तुंबवते. टर्बोकडून येणारी रबरी नळी कुठं चिरली असेल तर जोर दिल्यावर शिट्टीसारखा आवाज येतो. ती नळी बदलल्यावर गाडी नवी वाटू लागल्याची उदाहरणं पाहिली आहेत. डिझेल फिल्टरात साचलेलं पाणी काढा. इंजिनाचा आवाज चढतो पण काटा चढत नाही, तर क्लच घसरतोय. दहा किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागलं तर तिथं ब्रेक चिकटून राहिलाय किंवा बेअरिंग गेलंय, म्हणजे तुम्ही सतत ब्रेक दाबून गाडी चालवताय. हवा थंड टायरात, केबिनच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलीय तितकीच भरा, मागं आणि पुढं वेगळी. ताडपत्री घट्ट ओढा आणि माल शक्यतो केबिनच्या उंचीच्या आत, जड पेट्या खाली, धुऱ्याच्या पुढच्या बाजूला.

एवढं करूनही कामाला गाडी कमी पडत असेल तर तुमची पिकअप चुकीची आहे, तिचं इंजिन नव्हे. जास्त अश्वशक्तीची आणि जास्त भारक्षमतेची गाडी घ्या. तीही ८०च्या पुढं जाणार नाही, पण भरलेली असताना चढावर ७० टिकवेल, आणि फेरीचा वेळ त्यातूनच कमी होतो. आणि ज्यांना धंद्यासाठी नको, निव्वळ हौस म्हणून वेग हवा आहे, त्यांच्यासाठी बंदिस्त जागा आहेत. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आणि इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ साली सुरू झाला. तिथं हेल्मेट असतं, रुग्णवाहिका असते आणि समोरून म्हैस येत नाही.

शेवटी एक काम सांगतो, त्याला गॅरेज लागत नाही. नेहमीसारखी भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर चढवा. जो आकडा येईल तो आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. जादा भाराला कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० आहेत, ते राहू द्या बाजूला. आकडा जास्त निघाला तर गाडी का पळत नाही ते तुम्हाला तिथंच कळलं. मिस्त्रीला फोन करू नका, माल उतरवा.